पेटंटच्या कुलपात कामगाराचे औषध



औषधाच्या पेटंटशी युनियनचा काय संबंध, असा प्रश्न आमच्या गेट मीटिंगमध्ये अनेकदा विचारला जातो. विचारणारे आपलेच सभासद असतात आणि प्रश्न प्रामाणिक असतो. युनियनने पगार, महागाई भत्ता, क्वार्टर, बदल्या आणि ड्यूटीचे तास पाहावेत. औषधाचा कायदा वकिलांनी आणि डॉक्टरांनी पाहावा, असे त्यांचे म्हणणे. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. औषधाच्या किमतीचा प्रश्न हा पगाराचाच प्रश्न आहे, आणि तो वकील-डॉक्टरांवर सोडला तर कामगार मरेल.

आपला महागाई भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो. निर्देशांक म्हणजे सरासरी. तांदूळ, डाळ, तेल सगळ्यांच्या घरात लागते, म्हणून त्यांची भाववाढ थोडीफार भत्त्यात उतरते. कर्करोग मात्र सरासरीने होत नाही. शेकडो घरांतल्या एका घरात तो शिरतो आणि त्या घराचा प्रॉव्हिडंट फंड, बायकोचे दागिने, गावाकडची दोन एकर जमीन, सगळे घेऊन जातो. याची भरपाई कोणत्याही वेतन आयोगाने आजवर केलेली नाही.

काही जण म्हणतील, आम्हाला रेल्वेचे इस्पितळ आहे, पोस्टातल्या बांधवांना केंद्र सरकारची आरोग्य योजना आहे. खरे आहे, आणि हे हक्क आपल्या आधीच्या पिढ्यांनी भांडून मिळवले आहेत. पण रेल्वेचे इस्पितळ औषध बनवत नाही, विकत घेते. ज्या औषधाचा बनवणारा जगात एकच, त्याची किंमत तोच ठरवतो. मग इंडेंट फिरत राहते, लोकल पर्चेसला मंजुरी मिळत नाही आणि खिडकीवर एकच उत्तर मिळते, ‘शिल्लक नाही’. शिवाय हे छत्र कोणाकोणावर आहे? नियमित पोस्टमनला जे वैद्यकीय लाभ आहेत ते ग्रामीण डाक सेवकाला नाहीत. आमच्याच यार्डात डबे धुणाऱ्या एका कंत्राटी कामगाराच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जात होती. त्याला टीबी झाल्यावर कळले की कंत्राटदाराने ती भरलेलीच नव्हती. तो आपलाच भाऊ आहे. त्याच्यासाठी औषध म्हणजे बाजारभाव, दुसरे काही नाही.

पिंपरीची पेनिसिलीन आणि १९७० चा कायदा

हा बाजारभाव कायद्याने ठरतो, म्हणून कायद्याचा इतिहास कामगाराला ठाऊक पाहिजे.

इंग्रजांनी १९११ साली आपल्यावर पेटंटचा कायदा लादला. स्वातंत्र्यानंतरही तोच चालू होता. औषधे परदेशी कंपन्यांची, भाव त्यांचे. गरीब देश असूनही भारतातले औषधांचे भाव जगातल्या सर्वांत चढ्या भावांत मोडत. अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीनेही याची नोंद केली होती. १९५९ साली न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी सरकारला अहवाल दिला आणि त्यातून १९७० चा पेटंट कायदा आला. त्याने एक साधी गोष्ट केली. औषधावर पेटंट नाही, फक्त ते बनवण्याच्या रीतीवर पेटंट, आणि तेही जास्तीत जास्त ७ वर्षे. उदाहरण घ्या. कोणी भाकरी थापण्याची एक रीत नोंदवली तर ती रीत त्याची. दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने भाकरी करावी आणि विकावी. भाकरीवर कोणाची मालकी नाही.

त्याच्याही आधी सरकारने स्वतःचे कारखाने उभे केले होते. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती. १९५५ पासून तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले, पुढे टीबीवरचे स्ट्रेप्टोमायसिनही. ते कामगारांच्या हातांनी बनवलेले, सरकारी मालकीचे औषध होते. सार्वजनिक कारखाने आणि १९७० चा कायदा या दोन पायांवर भारताचा औषध उद्योग उभा राहिला आणि गरीब देशांचे औषधाचे दुकान बनला.

त्याचे फळ जगाने २००१ साली पाहिले. एड्सवरच्या तीन औषधांच्या एका वर्षाच्या उपचाराला परदेशी कंपन्या १०,००० डॉलरच्या वर घेत होत्या. मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तोच उपचार डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय सेवाभावी संघटनेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला सुमारे एका डॉलरमध्ये देऊ केला. आफ्रिकेत लोक मरत होते आणि औषध अस्तित्वात होते. मधे फक्त मक्तेदारी उभी होती.

डंकेलची भविष्यवाणी खरी ठरली

जुन्या सभासदांना डंकेल प्रस्तावाविरुद्धचे मोर्चे आठवत असतील. तेव्हा विद्वान मंडळी हसत होती. म्हणत होती, कामगारांना गॅट करारातले काय कळते? १ जानेवारी १९९५ रोजी भारत जागतिक व्यापार संघटनेत गेला, आणि तिच्या बौद्धिक संपदा कराराप्रमाणे १ जानेवारी २००५ पासून आपल्याला औषधावरच २० वर्षांचे पेटंट द्यावे लागले. आता रीतीवर नाही, भाकरीवरच मालकी आली.

पण त्या वेळी जनसंघटना, रुग्णांच्या संस्था आणि डाव्या पक्षांनी रेटा लावला म्हणून मार्च २००५ च्या दुरुस्तीत काही हत्यारे आपल्या हातात राहिली. कलम ३(ड) सांगते की जुन्याच औषधाचे किरकोळ बदललेले रूप नव्या पेटंटला पात्र नाही. रोग्याला त्याचा अधिक गुण येतो हे दाखवावे लागेल. रेल्वेच्या भाषेत सांगायचे तर पीओएच करून रंग मारलेला जुना डबा नवीन डबा म्हणून खपवता येणार नाही. कलम ८४ प्रमाणे औषध परवडत नसेल तर दुसऱ्या उत्पादकाला सक्तीचा परवाना देता येतो. कलम ९२ प्रमाणे आणीबाणीच्या वेळी सरकार स्वतः असा मार्ग खुला करू शकते. आणि पेटंट मिळण्याआधी कोणीही नागरिक त्याला हरकत घेऊ शकतो. ही हत्यारे कपाटात ठेवण्यासाठी नाहीत. ती वापरली तेव्हा काय झाले ते पाहा.

तीन लढे

पहिला लढा रक्ताच्या कर्करोगाच्या औषधाचा. नोव्हार्टिस कंपनीचे ग्लिवेक महिन्याला सुमारे १,२०,००० रुपयांना पडत होते. भारतीय कंपन्यांचे तेच औषध ८ ते १० हजारांत मिळत होते. कंपनीने औषधाच्या स्फटिकाच्या एका नव्या रूपावर पेटंट मागितले. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. कंपनीने कलम ३(ड) हेच घटनाबाह्य आहे म्हणून दावा लावला. तो मद्रास उच्च न्यायालयाने २००७ मध्ये फेटाळला. शेवटी १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांनी कंपनीचे अपील फेटाळले. सात वर्षे एक बलाढ्य कंपनी एका कलमाशी झुंजली आणि हरली.

दुसरा लढा यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा. बायर कंपनीचे नेक्साव्हर महिन्याला २,८०,४२८ रुपये. त्या वेळी सहाव्या वेतन आयोगाप्रमाणे आपले किमान मूळ वेतन ७,००० रुपये होते. म्हणजे एका महिन्याच्या गोळ्यांसाठी चाळीस महिन्यांचे मूळ वेतन! ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि कमाल किंमत ठरवली ८,८८० रुपये. बायरला विक्रीवर स्वामित्वधनही मिळाले, म्हणजे कोणी काही लुटले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा परवाना कायम केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. पण बंधूंनो, भारतात दिला गेलेला सक्तीचा परवाना आजवर हा एकच. कायदा जिवंत आहे, सरकारची हिंमत नाही.

तिसरा लढा टीबीचा, आणि तो आपल्या सर्वांत जवळचा आहे. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली देशात सुमारे २८ लाख लोकांना टीबी झाला आणि तीन लाखांवर लोक त्याने मेले. हा हवेतून पसरणारा रोग. रनिंग रूममधल्या चिकटून ठेवलेल्या खाटा, पार्सल ऑफिसची कोंदट खोली, आरएमएसची बंद सॉर्टिंगची जागा, चाळीतली दहा बाय दहाची खोली. त्याला आणखी काय पाहिजे? नेहमीची औषधे लागू न पडणाऱ्या टीबीवर पूर्वी कानामायसिनची इंजेक्शने महिनोन् महिने घ्यावी लागत आणि त्यात कित्येकांचे कान कायमचे जात. त्यानंतर बेडाक्विलिन नावाची गोळी आली. अमेरिकेत तिला डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळाली, भारतात ती २०१६ मध्ये आली. पण मोजक्याच केंद्रांत, देणगीच्या मोजक्या मात्रांत. पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीला दिल्लीत ती नाकारली गेली, कारण ती दिल्लीची रहिवासी नव्हती! तिच्या वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. जानेवारी २०१७ मध्ये तिला औषध मिळाले. २०१८ मध्ये ती गेली. गोळी मिळवण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली, यातच सगळे आले.

गोळीच्या मूळ पेटंटची मुदत जुलै २०२३ पर्यंत होती. जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच औषधाच्या क्षाररूपावर २०२७ पर्यंत आणखी चार वर्षे मागितली. २०१९ मध्ये दोघींनी हरकत घेतली. एक मुंबईची नंदिता व्यंकटेशन, दुसरी दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघींनाही टीबी झाला होता आणि दोघींचीही श्रवणशक्ती त्या जुन्या उपचारात गेली होती. २३ मार्च २०२३ रोजी पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. भारतीय कंपन्यांचा मार्ग खुला झाला. त्याच वर्षी जागतिक खरेदीत कंपनीला आपल्याच गोळीच्या सहा महिन्यांच्या कोर्सची किंमत १३० डॉलरवर आणावी लागली. आधीच्या निम्म्याहूनही कमी. ज्यांना ऐकू येत नाही अशा दोन तरुणींनी सगळ्या जगाला ऐकायला लावले. आपण हजारोंच्या संख्येने संघटित असून आपण काय केले, हा प्रश्न प्रत्येक शाखेने स्वतःला विचारावा.

कंपन्यांचे तीन युक्तिवाद

कंपन्या म्हणतात, संशोधनाला पैसा लागतो, तो कोठून आणायचा? लागतो, कोण नाही म्हणतो? पण तो पैसा कोणाचा? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे बेडाक्विलिनच्या विकासात कंपनीपेक्षा सार्वजनिक पैसाच जास्त खर्च झाला होता. म्हणजे कर जनतेने भरला, नव्या औषधाच्या चाचण्यांना रोग्यांनी आपली शरीरे दिली आणि मालकी कंपनीची. १९२३ साली इन्सुलिन शोधणाऱ्यांनी आपले पेटंट टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. त्यांनी संशोधन केलेच ना? संशोधनाचा खर्च सरकारने द्यावा, शास्त्रज्ञाला मानाचे वेतन द्यावे. त्यासाठी वीस वर्षे रोग्याच्या गळ्यावर पाय ठेवण्याची गरज नाही.

दुसरा युक्तिवाद दानाचा. ग्लिवेकच्या खटल्याच्या वेळी कंपनी सांगत होती की आम्ही बहुतेक रुग्णांना औषध फुकटच देतो. फुकटच द्यायचे होते तर मक्तेदारीसाठी सात वर्षे खटला कशाला चालवला? दान देणारा यादी ठरवतो, अटी ठरवतो आणि मनात येईल त्या दिवशी दान बंद करतो. कामगाराला बक्षिसी आणि पगार यातला फरक समजावून सांगायला नको.

तिसरा युक्तिवाद दर्जाचा. भारतीय स्वस्त औषधांवर विश्वास काय ठेवायचा? इथे आम्ही स्पष्ट बोलतो. आम्ही देशी मालकांचे वकील नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. इस्पितळात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण मेले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या व्यवस्थेचे वाभाडे काढले. तेच विष खोकल्याच्या औषधात मिसळून २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या लहान मुलांचे बळी गेले. चाळीस वर्षांत काय शिकलो? आणि नफेखोरीही पाहा. सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साथीने बनलेल्या कोव्हिडच्या लसीची किंमत एप्रिल २०२१ मध्ये खासगी इस्पितळांसाठी १,२०० रुपये जाहीर झाली होती. मालक देशी असला तरी मालकच. पण भेसळीवर उपाय औषध निरीक्षकांची भरती, प्रयोगशाळा आणि दोषींना शिक्षा हा आहे. छिंदवाड्याचे विष पेटंट नसल्यामुळे आले नव्हते. तपासणी नसल्यामुळे आले होते.

आता मागच्या दाराने

समोरच्या दाराने हरल्यावर कंपन्या मागच्या दाराने येत आहेत. मार्च २०२४ मध्ये सरकारने पेटंटचे नियम बदलले. पेटंटला आधी हरकत घेण्यासाठी पूर्वी शुल्क नव्हते, आता आहे. शिवाय हरकत ऐकण्यासारखी आहे की नाही हे आधी नियंत्रक ठरवणार. पेटंटचा देशात किती वापर केला, याचा हिशेब कंपनीला दरवर्षी द्यावा लागे. आता तीन वर्षांतून एकदा. याच हिशेबाच्या आधारे सक्तीचा परवाना मागता येतो. हिशेबच लपला तर मागणार काय? जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात तर लिहूनच टाकले आहे की औषधे उपलब्ध करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे कंपनीने स्वखुशीने दिलेले परवाने. म्हणजे पुन्हा दान!

आपल्या सरकारचे दोन चेहरे कोव्हिडच्या काळात दिसले. ऑक्टोबर २०२० मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेबरोबर जागतिक व्यापार संघटनेत पेटंट स्थगित करण्याची मागणी केली. ती योग्यच होती. पण २०२१ च्या दुसऱ्या लाटेत, लोक औषधासाठी रात्रभर रांगा लावत असताना, घरातल्या कायद्यातले कलम ९२ सरकारने वापरले नाही. सर्वोच्च न्यायालयाने विचारणा करूनही वापरले नाही.

जनऔषधी दुकाने आहेत ना, असे सांगितले जाते. दुकाने चांगली आहेत, आणखी निघावीत. पण तिथे तेच औषध मिळेल जे दुसऱ्या कोणाला बनवता येते. पेटंटच्या कुलपातले औषध जनऔषधीच्या फळीवर येणार कसे? विम्याचेही तेच. मक्तेदाराने ठरवलेली किंमत विमा भरतो तेव्हा ती जनतेच्याच पैशातून भरतो. आणि कुलूप निघाले की काय होते ते नुकतेच पुन्हा दिसले. लहान मुलांचे स्नायू निकामी करणाऱ्या एका आनुवंशिक आजारावरचे रिसडिप्लाम हे औषध एका बाटलीला सहा लाखांच्या घरात होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रॉश कंपनीची मनाई हुकमाची मागणी नाकारली आणि नॅटकोची बाटली १५,९०० रुपयांना बाजारात आली. बाटली तेवढीच, औषध तेच. वरचे पावणेसहा लाखांहून अधिक रुपये कशाचे होते, ते आता वाचकांनीच सांगावे.

आणि पिंपरीच्या कारखान्याचे काय केले? ज्या कारखान्याने देशाला पेनिसिलीन दिले, त्याची जादा जमीन विकून पुढे कारखानाही विकण्याचा निर्णय डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. जमिनीची किंमत कळते, औषधाची कळत नाही.

आपल्या मागण्या

भुसावळ असो की इटारसी, सिकंदराबाद असो की झाशी, प्रत्येक शाखेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत पुढील ठराव मांडावेत, ही विनंती.

१. जीवनावश्यक औषधांसाठी कलम ८४, ९२ व सरकारी वापराचे कलम १०० सरकारने प्रत्यक्ष वापरावे. कर्करोग आणि टीबीपासून सुरुवात करावी.

२. मार्च २०२४ चे नियम मागे घ्यावेत. पेटंटला हरकत घेण्याचा नागरिकाचा हक्क विनाशुल्क राहिला पाहिजे.

३. कोणत्याही व्यापार करारात कलम ३(ड) ला हात लागता कामा नये. कराराचा मसुदा सही होण्याआधी संसदेपुढे यावा.

४. पिंपरीसह सार्वजनिक औषध कारखाने भांडवल देऊन चालू करावेत आणि रेल्वे, टपाल, संरक्षण खात्यांची खरेदी त्यांच्याकडून व्हावी.

५. कंत्राटी रेल्वे कामगार आणि ग्रामीण डाक सेवक यांना नियमित कर्मचाऱ्यांइतकेच वैद्यकीय लाभ मिळावेत.

आणि एक काम सरकारकडे मागायचे नाही, आपणच करायचे आहे. प्रत्येक शाखेने इस्पितळाच्या खिडकीवर न मिळालेल्या औषधांची नोंदवही ठेवावी. तारीख, औषधाचे नाव, बाजारातली किंमत, एवढेच लिहावे; आजारी माणसाचे नाव लिहू नये. वर्षभराची ही वही हातात घेऊन आपण प्रशासनासमोर आणि खासदारांसमोर गेलो तर आपल्याला भाषणाची गरज पडणार नाही.

इंजिन ड्रायव्हरला सिग्नल नाकारला तर गाडी उभी राहते, उशीर होतो. रोग्याला औषध नाकारले तर उशीर होत नाही, शेवट होतो. पगारवाढीसाठी आपण दहा वर्षे थांबू शकतो, थांबलोही आहोत. टीबीचा रोगी थांबू शकत नाही.

औषध ही दया नाही, हक्क आहे. मक्तेदारीचे कुलूप तोडलेच पाहिजे!

कामगार एकजुटीचा विजय असो!